भूतानची जानेवारी: नदीच्या कडेने विजेचा माग

जानेवारीत भूतानला कशाला जाता, मार्च-एप्रिल नाहीतर ऑक्टोबर बघा, असा सल्ला कुणीही देईल. ऱ्होडोडेंड्रॉन बघायचे असतील तर तो बरोबरच आहे. वीज बघायची असेल तर मात्र जानेवारीच. भूतान भारताला वीज विकतो हे आपल्याला सामान्यज्ञानाच्या पुस्तकातून पाठ असतं. ते पावसाळ्यात शंभर टक्के खरं आहे. जानेवारीत त्याच तारांतून वीज उलटी, खालून वर जाते. हे उलटणं ज्या रस्त्याने समजतं तो भारताच्या सीमेवरच्या फुंत्शोलिंगपासून राजधानी थिंफू, पुढे पुनाखा, वांगदी आणि पेले ला ही खिंड ओलांडून सेफूपर्यंतचा. आम्ही तो सात दिवसांत केला. नुसतं फिरायचं असेल तर पाच दिवस पुरतात.

आधी कामाचं. भारतीयांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं, आधार चालत नाही. माणशी रोज रात्रीचे १२०० रुपये शाश्वत विकास शुल्क भरावं लागतं. रुपया आणि भूतानचं चलन ङुल्त्रुम एकास एक. घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे. व्होल्टेज आपल्यासारखंच २३०, पण प्लगच्या खोबण्यांचा मेळ नाही: कुठे आपल्या गोल पिनांच्या, कुठे चौकोनी तीन पिनांच्या. एक मल्टीप्लग सोबत असू द्या, आणि तो जाड वायरचा असू द्या. त्याचं कारण थिंफूत कळेल.

फुंत्शोलिंगहून निघायच्या आधी पासाखाची औद्योगिक वसाहत बघावी. टूरवाले तिकडे नेत नाहीत, बघण्यासारखं काही नाही म्हणतात. भूतानच्या विजेचं सगळ्यात मोठं तोंड मात्र इथेच आहे. फेरोसिलिकॉनच्या, म्हणजे पोलाद बनवताना लागणाऱ्या लोखंड-सिलिकॉनच्या मिश्रधातूच्या भट्ट्या. क्वार्ट्झचे दगड, लोखंड आणि कोळसा-कोक एकत्र टाकून वरून तीन जाड कार्बन इलेक्ट्रोड खुपसायचे आणि विजेने वितळवायचं, इतकी साधी प्रक्रिया. एक टन माल काढायला साधारण आठ ते नऊ हजार युनिट जातात, म्हणजे आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घराची तीन-चार वर्षांची वीज. हा माल म्हणजे गोठवून ट्रकमध्ये भरलेली वीजच. आता यातली गोम बघा. भट्टी जानेवारीत बंद ठेवू आणि जूनमध्ये लावू, असं करता येत नाही. गार झाली की आतला माल थिजून दगड होतो, इलेक्ट्रोड तडकतात, पुन्हा तापवताना अस्तर फुटतं. म्हणून भट्टीचा भार वर्षभर सपाट असतो. नदीचा प्रवाह सपाट नसतो. भूतानच्या ऊर्जाधोरणाचं सगळं दुखणं या दोन वाक्यांत आहे. पुढचा प्रवास त्याचे तपशील दाखवतो.

फुंत्शोलिंगहून थिंफू सुमारे १७० किलोमीटर. हा रस्ता भारताच्या सीमा रस्ते संघटनेच्या ‘दंतक’ने १९६० च्या दशकात काढला. त्याआधी थिंफूला जायचं म्हणजे खेचरं आणि पाच-सहा दिवस. रस्ता झाला म्हणून सिमेंट आणि टर्बाईन वर गेलं. पहिलं मोठं गाव गेडू. धुकं इतकं दाट की दुपारी बाराला दिवे लावावे लागतात. इथलं बिझनेस कॉलेज ताला जलविद्युत प्रकल्पासाठी बांधलेल्या वसाहतीत भरतं. धरणाचं काम संपल्यावर ओस पडलेल्या वसाहती आपण कमी बघितल्या आहेत का? त्यांचं असं सोनं क्वचित होतं.

गेडूतच दुसरं एक प्रकरण आहे, बिटकॉइनचं. सरकारी मालकीच्या द्रुक होल्डिंगने बिटडीयर कंपनीबरोबर २०२३ मध्ये इथे बिटकॉइन काढणाऱ्या संगणकांचं १०० मेगावॉटचं केंद्र उभं केलं. हिशोब वरकरणी चोख आहे. पावसाळ्यात वीज उतू जाते, भारताला स्वस्तात विकण्यापेक्षा इथेच यंत्रांना चारली तर डॉलर मिळतात. हवा थंड असल्याने यंत्रं गार ठेवायचा खर्चही कमी. पण १०० मेगावॉटचा भार वर्षभर चालवला तर जानेवारीत त्याच्यासाठी वीज विकत आणावी लागते आणि चार महिने बंद ठेवला तर भराभर जुनी होणारी महागडी यंत्रं धूळ खात बसतात. भट्टीपेक्षा एक सोय मात्र नक्की: ही यंत्रं बटण दाबून बंद करता येतात, काही थिजत नाही. हंगामी पाण्याला हंगामी गिऱ्हाईक म्हणून हे भट्टीपेक्षा बरं, एवढंच आमचं मत. देशाची तिजोरी त्यावर तोलावी का, हा वेगळा प्रश्न.

गेडू सोडल्यावर रस्ता वांगछूच्या दरीत उतरतो. ‘छू’ म्हणजे पाणी, नदी. हीच नदी बंगालात रैडाक होते. वांगखाच्या आसपास तालाचं धरण आहे, ९२ मीटर उंच. त्याच्या थोडंच वर चुखाचं भूमिगत वीजगृह, आणि आणखी वर चुखाचं धरण, जेमतेम ४० मीटरचं. वीजगृहात जायला आधी परवानगी लागते आणि कॅमेरा बाहेर ठेवावा लागतो. ती मिळाली नाही तरी फार बिघडत नाही, कारण समजून घेण्यासारखी गोष्ट बाहेरच आहे. रस्त्याच्या कडेला थांबून धरणामागे बघा. कोयनेचा शिवसागर डोळ्यांत असेल तर विचाराल, तलाव कुठाय? तलाव नाहीच. धरणामागे नदी थोडी फुगलेली, बस. काही तासांचं पाणी. संध्याकाळच्या मागणीसाठी दुपारभर थोडं अडवून ठेवायचं, इतकीच सोय.

कोयनेला आपण पावसाळ्याचं शंभर टीएमसीच्या वर पाणी अडवतो आणि पोफळीला ते मे महिन्यापर्यंत पुरवून सोडतो. चुखा आणि ताला म्हणजे ओढ्याकाठचं रान, पण विहीर नाही. ओढा वाहतोय तोवर बागायत, आटला की जिरायत.

मग धरण लहान असून वीज एवढी कशी? उतारामुळे. चुखाचं पाणी साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यातून जातं आणि सव्वाचारशे-साडेचारशे मीटर खाली पडतं. ८४ मेगावॉटचे चार संच, एकूण ३३६. हे पाणी टर्बाईनमधून बाहेर आलं की लगेच तालाच्या धरणात अडतं, तिथून जवळजवळ २३ किलोमीटरच्या बोगद्यातून जातं आणि आठशे मीटरहून जास्त खाली कोसळतं. १७० मेगावॉटचे सहा संच, १०२० मेगावॉट. तेच पाणी दोनदा कामाला लावलेलं.

याचा घरगुती हिशोब मांडू. गळती-घर्षण वजा जाता ताला येथे उंची ८२० मीटर धरा, यंत्रांची कार्यक्षमता ९० टक्के. दर सेकंदाला एक घनमीटर पाणी म्हणजे सव्वासात मेगावॉट. सगळे सहा संच पूर्ण भाराने चालवायला सेकंदाला १४० घनमीटर लागतात. पावसाळ्यात नदी एवढं देऊन वर सांडव्यावरून सोडून देते. जानेवारीत पंचवीस घनमीटर मिळालं तर १०२० च्या प्रकल्पातून १८० मेगावॉट निघणार. एक संच आणि दुसऱ्याचा जरासा तुकडा. उरलेले चार संच उभे. म्हणूनच वार्षिक देखभाल हिवाळ्यात करतात. सुट्टीच असते त्यांना.

देखभालीतलं मुख्य काम गाळाने खाल्लेल्या चाकाचं. ८२० मीटर उंचीचं पाणी नॉझलमधून बाहेर पडतं ते ताशी साडेचारशे किलोमीटर वेगाने. पेल्टन चाकाच्या कडेला जोडवाट्या असतात, मधे धारदार कणा असलेल्या, दोन ओंजळी शेजारी जोडाव्यात तशा. पाण्याची धार त्या कण्यावर दुभंगते आणि दोन्ही वाट्यांतून वळून मागे जाते. आता त्या धारेत हिमालयाचा क्वार्ट्झ मिसळा. पोलादापेक्षा कठीण वाळू, त्या वेगाने. कणा बोथट होतो, मग धार दुभंगायच्या ऐवजी शिंपडते, कार्यक्षमता घसरते, वाटीच्या मुळाशी भेगा पडतात. यावर पहिला उपाय म्हणजे बोगद्याच्या तोंडाशी गाळ बसवायच्या भूमिगत खोल्या. पाणी तिथे मंद करतात, ०.२ मिलिमीटरहून मोठे कण खाली बसतात आणि तळातल्या मार्गाने नदीत परत जातात. त्याहून बारीक कण सुटतातच. पुराच्या दिवसांत गाळाचं प्रमाण हाताबाहेर गेलं तर नदी तुडुंब असूनही संच थांबवतात, कारण एका दिवसाच्या विजेपेक्षा चाक महाग. दुसरा उपाय वाट्यांवर टंगस्टन कार्बाइडचा थर फवारण्याचा. पूर्वी चाकं दुरुस्तीला देशाबाहेर पाठवावी लागत. आता दक्षिणेत गेलेफूजवळ जिग्मेलिंगला त्यासाठी कारखाना आहे. जलविद्युतवाल्या छोट्या देशाने मोठ्या धरणाआधी असली कार्यशाळा काढावी, असं आम्हाला वाटतं.

हे प्रकल्प भारताच्या पैशांवर उभे राहिले. चुखाचा करार १९७४ चा. ६० टक्के अनुदान, ४० टक्के कर्ज, व्याज ५ टक्के. खर्च सुमारे २४६ कोटी रुपये. १९८६ ते ८८ मध्ये संच सुरू झाले. ताला २००६-०७ मध्ये सुरू झालं, तेही ६०-४० वर, पण व्याज ९ टक्के. पुढे मांगदेछू प्रकल्पाला प्रमाण उलटलं: ३० टक्के अनुदान, ७० टक्के कर्ज, व्याज १० टक्के. २०१९ मध्ये मांगदेछूच्या विजेचा निर्यातदर ४ रुपये १२ पैसे ठरला, आणि जुन्या प्रकल्पांच्या दराशेजारी तो ठेवला की अटी कशा कडक होत गेल्या ते एका नजरेत दिसतं. भारत सावकारी करतो असं थिंफूत कुणी उघड म्हणत नाही. आम्हीही म्हणणार नाही, कारण गिऱ्हाईकही भारतच आहे, आणि ठरलेलं गिऱ्हाईक आधीच हाताशी असलेला प्रकल्प जगात फार कुणाला मिळत नाही. पण धनको, कंत्राटदार आणि खरेदीदार एकाच गावचे असले की भाव ठरवताना छोट्याचा आवाज किती चढणार?

मुंबईचा एक धागा इथे सापडतो. तालाची वीज सिलिगुडीहून दिल्लीजवळ मंडोलापर्यंत नेणारी ११६६ किलोमीटरची वाहिनी टाटा पॉवर आणि पॉवरग्रिडच्या संयुक्त कंपनीने बांधली, भारतातली सरकारी-खासगी भागीदारीतली ती पहिली. भूतानच्याच डागाछू प्रकल्पाच्या १२६ मेगावॉटमध्येही टाटांचा २६ टक्के हिस्सा आहे. खोपोली, भिवपुरी, भिरा इथे सह्याद्रीच्या कड्यावरून पाणी पाडून पेल्टन फिरवण्याचा शंभर वर्षांचा अनुभव ज्यांच्याकडे आहे, त्यांना हे काम परकं वाटायचं कारण नाही. फरक इतकाच की खोपोलीच्या वर वळवण-शिरवत्याचे तलाव आहेत.

चुझोमला पारोछू आणि वांगछू मिळतात. इथे बहुतेक गाड्या फोटोला थांबतात. जानेवारीत पाणी निळंशार आणि इतकं उथळ की तळातले गोटे मोजावेत. फोटो सुंदर येतो. वीजवाल्याला मात्र हा निळा रंग बघून धास्ती वाटते, पाणी गढूळ असलं की त्याचं बरं चाललेलं असतं.

थिंफूत संध्याकाळी उतरलो तेव्हा हॉटेलातल्या मुलाने किल्लीबरोबरच सांगितलं, “सर, हीटर आणि गीझर एकदम नको ला.” हे ‘ला’ आदराचं, आपल्या ‘हं का’सारखं वाक्याच्या शेपटाला लागतं. दोन हजार वॅटचा तेलाचा हीटर, दोन हजारचा गीझर, वर पाण्याची किटली. खोलीची एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडणारा खटका, १६ अँपिअरची, म्हणजे साडेतीन हजार वॅटच्या आसपास. तिन्ही लावले की थोड्या वेळाने खटका पडतो. लगेच पडत नाही, म्हणून लोकांना कारण कळत नाही आणि ते खटका वर करत राहतात. जाड वायरचा मल्टीप्लग त्यासाठीच. मोबाइल चार्जरचा स्वस्त ॲडॅप्टर हीटरला लावला तर आधी तो वितळतो.

जे खोलीचं तेच गल्लीचं. ६३ केव्हीएचा रोहित्र म्हणजे साठ किलोवॉट. त्यावर पंचवीस घरं असतील आणि संध्याकाळी सहाला प्रत्येकाने अडीच किलोवॉट ओढले तर तो भरला. राईस कुकर, करी कुकर, हीटर, गीझर, सगळं विजेवर आणि सगळं एकाच वेळी. थंड हवेमुळे रोहित्राला थोडा जादा भार सोसतो, नाहीतर रोज उडाला असता. खेड्यांत अजून बुखारी पेटते, लाकडाची लोखंडी शेगडी, धुराडं छतातून बाहेर काढलेली. ग्रामीण घरांना महिन्याला पहिले शंभर युनिट फुकट आहेत. धोरण म्हणून उत्तम: लाकूड कमी जळतं, बायकांच्या डोळ्यांतला धूर कमी होतो. शंभर युनिटांत दिवे, भात आणि चहा होतो. खोली तापवायची तर ते आठवड्याभरात संपतात.

थिंफूतला तो हीटर रात्रभर, आठ तास चालवला तर सोळा युनिट जातात. तालाच्या मोजमापाने एका युनिटला पाचशे लिटर पाणी लागतं. म्हणजे आठ हजार लिटर. उन्हाळ्यात मराठवाड्यात गल्लीत येतो तो जवळजवळ अख्खा टँकर, आठशे मीटर उंचीवरून ओतलेला, एका खोलीसाठी. देशातला पहिला जलविद्युत प्रकल्प १९६७ मध्ये याच थिंफूत झाला, ३६० किलोवॉटचा. आज तो एका मोठ्या हॉटेलाला पुरेल.

आता उलट्या प्रवाहाचं. २०२३ पर्यंत देशाची स्थापित क्षमता २३०० मेगावॉटच्या थोडी वर होती. हिवाळ्यात त्यातला एक पंचमांश कसाबसा मिळतो आणि मागणी त्याच्या दुपटीहून जास्त. तूट भारतातून येते, आणि २०२२ पासून ती दिल्लीच्या वीज बाजारातूनही, इंडियन एनर्जी एक्स्चेंजवरून, घेतली जाते. पद्धत अशी: उद्याचा दिवस पंधरा-पंधरा मिनिटांच्या ९६ तुकड्यांत कापलेला, आज दुपारी बाराच्या आत प्रत्येक तुकड्यासाठी किती मेगावॉट आणि कुठल्या भावापर्यंत ते कळवायचं, मग बाजार भाव ठरवतो. कमाल भाव युनिटला १० रुपये. दुपारी राजस्थान-गुजरातच्या सौर विजेमुळे भाव पडतात, सकाळी-संध्याकाळी चढतात. भूतानला इथे एक शहाणपणाची चाल खेळता येते: दुपारी स्वस्त वीज आणायची, आपलं तासा-दोन तासांचं पाणी तालामागे अडवायचं आणि संध्याकाळी ते सोडायचं. छोटा तलाव असाही कामाला येतो. पण भट्ट्यांची चोवीस तासांची भूक या चालीने भागत नाही. चार रुपयांच्या आसपास किंवा त्याहून कमी भावाने विकलेली वीज जानेवारीच्या संध्याकाळी आठ-दहा रुपयांनी परत घ्यावी लागते.

पेट्रोल-डिझेल आणि गॅसचं तर सगळंच भारतातून, याच घाटाने टँकरवर. जुलै २०१३ मध्ये, भूतानच्या निवडणुकीच्या तोंडावर, भारताने गॅस आणि रॉकेलवरची सवलत थांबवली. सिलिंडरचा भाव एका रात्रीत गगनाला भिडला. महिन्याभरात सवलत परत आली. पण वीज विकणाऱ्या देशाचा स्वयंपाकही दुसऱ्याच्या हातात आहे, हे त्या महिन्यात घराघरात कळलं. त्यानंतर २०१४ पासून सरकारने विजेच्या गाड्यांचा धोशा लावला आणि पुढे ३०० विजेच्या टॅक्सींची योजना आली. थिंफूत त्या दिसतात. पुनाखाला मात्र त्या विचारूनच घ्या. थिंफू २३०० मीटरवर, वाटेतली दोचुला खिंड ३१०० वर, पुनाखा १२५० वर. जाताना दोचुलानंतर उतारच उतार, बॅटरी भरत जाते, चालक खूश. परतीला साडेअठराशे मीटर चढ. पावणेदोन टनांच्या गाडीला नुसत्या चढासाठी दहा युनिट जादा लागतात. सुरुवातीच्या निसान लीफची बॅटरी २४ युनिटांची, त्यात थंडीत हीटर चालू. पुनाखात तासभर चार्ज केल्याशिवाय परत फिरू नये.

पुनाखाचा झोंग, म्हणजे किल्ला आणि मठ एकत्र, दोन नद्यांच्या संगमावर उभा आहे, चित्रासारखा. ७ ऑक्टोबर १९९४ ला इथून कित्येक किलोमीटर वर लुनानातलं लुग्ये त्सो हे हिमसरोवर फुटलं. पुराने झोंगचं नुकसान केलं, वीसेक माणसं गेली. त्यानंतर शेजारचं थोर्थोर्मी सरोवर माणसांनी फावडे-पहारीने चर खणून पाच मीटर उतरवलं, २००९ ते २०१२, वर्षातले मोजके बर्फविरहित आठवडे आणि गोठायला टेकलेलं पाणी. खोऱ्यात आता पुराचा इशारा देणारे भोंगे आहेत. खाली जे मोठं पुनात्सांगछूचं काम चाललंय त्याच्या डोक्यावर ही टांगती सरोवरं आहेत, हे लक्षात ठेवून पुढे जावं.

वांगदीच्या पुलाखाली सात-एक किलोमीटरवर पुनात्सांगछू-१ चं धरण बांधायचं होतं. १२०० मेगावॉट. २००८ मध्ये काम सुरू झालं, मूळ अंदाज सुमारे ३५१५ कोटी. जुलै २०१३ मध्ये उजव्या कड्याचा मोठा भाग सरकला. धरणाचा पाया खणायला डोंगराचा पायथा कापला होता. खडक आतून चुरगळलेला, मातीमिश्रित. खालचा आधार गेला तसा वरचा भार हलू लागला. पुढची कित्येक वर्षं दोरखंड-खिळे मारून, काँक्रीटचे खांब घालून, वरची माती उतरवून तो कडा धरायचा प्रयत्न चालला. बोगदे आणि वीजगृह बहुतेक तयार, फक्त धरण नाही. नळ, टाकी, तोटी सगळं बसवलं आणि विहीरच पडेना, तशी गत. सुधारित खर्च ९३७५ कोटींच्या वर. मेगावॉटमागे तीन कोटी धरले होते ते पावणेआठ झाले, आणि वीज निघो न निघो, १० टक्क्यांचं व्याज आपलं वाढतंच. रस्त्यावरून तो कडा सरळ दिसतो, जाळ्या-खिळ्यांनी टाचलेला. थांबून बघावा, पण दरड पडते म्हणून गाडी वळणावर लावू नये.

त्याच्याच खाली पुनात्सांगछू-२, १०२० मेगावॉट. त्यालाही २०१६ मध्ये भूमिगत दालनात खडक कोसळून फटका बसला, पण ते काम तडीस गेलं. डिसेंबर २०२४ पासून संच एकेक सुरू झाले, नोव्हेंबर २०२५ मध्ये राजे आणि भारताचे पंतप्रधान यांनी उद्घाटन केलं, आणि त्याच वेळी पहिल्या प्रकल्पाचं धरण पुन्हा हाती घ्यायचंही ठरलं. २००९ मध्ये दोन्ही देशांनी २०२० पर्यंत १०,००० मेगावॉट ठरवले होते. त्या मुदतीत सरकार-ते-सरकार पद्धतीने उभं राहिलं ते फक्त मांगदेछूचं ७२०. आणि या सगळ्या प्रकल्पांच्या मागे तलाव तेवढाच, काही तासांचा. पावसाळ्यात जास्त वीज, जानेवारीत जास्त यंत्रं नुसती उभी. तूट भरून काढणारा खरा साठा संकोश नदीवरच्या २५८५ मेगावॉटच्या योजनेत आहे. ती कागदावर कित्येक दशकं आहे, कारण मोठा तलाव म्हणजे बुडणारी दरी आणि पैसा दोन्ही आलं.

वांगदीचा वारा प्रसिद्ध. दुपारनंतर दरीतून असा सुटतो की टोपी धरावी लागते. रुबेसाला टेकडीवर दोन पवनचक्क्या आहेत, २०१६ च्या, प्रत्येकी ३०० किलोवॉट. साताऱ्याच्या चाळकेवाडीचं पठार बघितलेल्याला दोन चक्क्या म्हणजे गंमत वाटेल. पण हिमालयात मोठी पाती घाटातून वर न्यायची कशी हा पहिला प्रश्न असतो. वळणावर जेवढं पातं वळेल तेवढीच चक्की.

फोब्जिखाच्या दरीत तारा दिसत नाहीत. खांबच नाहीत. काळ्या मानेचे क्रौंच तिबेटातून ऑक्टोबर-नोव्हेंबरला इथे येतात, फेब्रुवारी-मार्चपर्यंत राहतात. धुक्यात उतरताना तारांना धडकून मरतील म्हणून वीज जमिनीखालून आणली. तारा लोंबकळवण्यापेक्षा हे कितीतरी महाग. बिघाड झाला तर डोळ्यांनी दिसत नाही, यंत्राने जागा शोधून गोठलेली माती खणावी लागते. बहुतेक वेळा जोडात ओल शिरलेली असते. गावकऱ्यांना त्यासाठी वर्षानुवर्षं थांबावं लागलं. आम्ही गेलो तेव्हा कुरणात शे-दोनशे पक्षी चरत होते आणि मागच्या घरात टीव्ही चालू होता.

पेले ला ओलांडून सेफू. इथे २०२५ मध्ये देशाचा पहिला मोठा सौर प्रकल्प सुरू झाला, १७.३८ मेगावॉटचा. जागा हुशारीने निवडली आहे: पावसाळ्यात ढग असले तरी तेव्हा सूर्याची गरजच नाही, आणि हिवाळ्यात आकाश स्वच्छ, हवा थंड. सौर पटल गार असलं की जास्त वीज देतं, अंशाला अर्ध्या टक्क्याच्या थोडं आत. पटलं तिरकी ठेवली की बर्फ घसरून जातं. वर्षाला अडीच कोटी युनिटांचा अंदाज, म्हणजे सरासरीने पावणेतीन-तीन मेगावॉट. पासाखाच्या एका मध्यम भट्टीला हे पुरणार नाही. तरी दिवसा जेवढं सौर येईल तेवढं पाणी मागे अडवता येतं, म्हणून त्याची किंमत आकड्याहून जास्त.

आम्ही पोचलो तेव्हा अडीच वाजले होते आणि इन्व्हर्टरच्या खोल्यांतून पंख्यांची घरघर येत होती. साडेतीनला पश्चिमेच्या डोंगराची सावली सगळ्यात खालच्या रांगेवर चढली. सव्वाचारला अर्धं शेत अंधारात होतं, पंखे एकेक करत थांबले, आणि रस्त्यापलीकडच्या घरातून बुखारीचा धूर निघायला लागला.